सीबीआयला नेमके कोणते अधिकार आहेत? (मावशीला आलेल्या फोनवरून)

मिरजकर_पुण्यात | सोमवार, रात्री १०:१०

मंडळी, गेल्या आठवड्यात माझ्या मावशीवर जे गुदरलं ते आधी सांगतो, मग प्रश्न विचारतो. मावशी ६८ वर्षांची, मिरजेत एकटी राहते, शाळेतून निवृत्त झालेली.

मंगळवारी सकाळी साडेनऊला तिला फोन आला. तुमच्या आधारवर मुंबईत कुणीतरी सिमकार्ड घेतलंय, त्यावरून घाणेरडे मेसेज गेलेत, तुमचे सगळे नंबर बंद होणार. तिथून फोन 'मुंबई पोलिसां'कडे, आणि तासाभरात व्हिडिओवर 'सीबीआयचे साहेब'. मागे तिरंगा, भिंतीवर राजमुद्रा, अंगात खाकी. व्हॉट्सअ‍ॅपवर एक कागद आला. वर राजमुद्रा, खाली सही-शिक्का, मध्ये मावशीचं पूर्ण नाव आणि ठळक अक्षरात 'अरेस्ट वॉरंट'. तुम्ही डिजिटल अटकेत आहात, कॅमेरा बंद करायचा नाही.

तेव्हापासून दुसऱ्या दिवशी दुपारपर्यंत मावशी स्वतःच्याच घरात कोंडल्यासारखी होती. ओट्यावर साखरेच्या डब्याला फोन टेकवून ठेवायचा आणि त्यांच्यासमोर चहा करायचा. रात्री फोन उशाशी, कॅमेरा तिच्याकडे वळवलेला. शेजारच्या वहिनी कढीपत्ता मागायला आल्या तर 'बरं नाही' म्हणून दारातूनच परत पाठवलं, कारण कुणाला सांगितलंत तर त्यालाही उचलू असं बजावलं होतं.

पहिल्या दिवशी तिने 'पडताळणीसाठी' ४८,००० रुपये पाठवले. दुसऱ्या दिवशी ठेव मोडायला बँकेत गेली. काउंटरवरच्या मुलीने विचारलं, बाई, दोन महिन्यांत मुदत संपतेय, आत्ताच का मोडताय? मावशी काही बोलेना. हात थरथरत होता आणि पर्समधून कुणाचा तरी बारीक आवाज येत होता. त्या मुलीने पैसे भरायच्या स्लिपच्या पाठीमागे लिहिलं, 'फोन चालू आहे का? नुसती मान हलवा.' मावशीने मान हलवली. मुलीने पर्स मागून घेतली आणि फोन बंद केला.

मावशी नंतर मला म्हणाली, "अरे, तीस वर्षं मी मुलांना नागरिकशास्त्र शिकवलं. राष्ट्रपतींचे अधिकार, राज्यपालांचे अधिकार, सगळं तोंडपाठ. पण सीबीआयला काय करता येतं आणि काय नाही, हे त्या पुस्तकात कुठे नव्हतंच. ते म्हणाले, मी मानलं." हे वाक्य डोक्यातून जात नाहीये. मलाही ते ठाऊक नव्हतं. तिच्या जागी मी असतो तर फोन ठेवला असता, पण कशाच्या जोरावर ठेवला ते मला सांगता आलं नसतं.

म्हणून विचारतो. खऱ्या सीबीआयला कायद्याने काय करता येतं, काय करता येत नाही, आणि काय करावंच लागतं? जाणकारांनी जरा सविस्तर लिहा.

---

काळा_कोट | सोमवार, रात्री ११:३५

मावशींना नमस्कार सांगा, आणि त्या बँकेतल्या मुलीलाही. मी ठाण्या-मुंबईत छत्तीस वर्षं फौजदारी वकिली केली. सीबीआयच्या केसेस चालवल्या त्या बहुतेक आरोपींच्या बाजूने, त्यामुळे या खात्याचे अधिकार कुठवर जातात हे मला रोजच्या रोज तपासावं लागायचं.

मुळातून सुरू करतो. संसदेने 'सीबीआय कायदा' असा कधी केलाच नाही. दुसऱ्या महायुद्धात सरकारी खरेदीत लाचखोरी बोकाळली, म्हणून १९४१ मध्ये एक विशेष पोलीस दल नेमलं गेलं. युद्धानंतरही त्याची गरज उरली, म्हणून १९४६ मध्ये दिल्ली विशेष पोलीस आस्थापना कायदा आला. सीबीआय हे नाव त्यानंतरचं, १ एप्रिल १९६३ च्या गृहखात्याच्या ठरावाने आलेलं. पाटी ठरावाची, पण अटक, झडती, जबाब हे सगळे अधिकार आजही त्या १९४६ च्या कायद्यातूनच येतात. नोव्हेंबर २०१३ मध्ये गुवाहाटी उच्च न्यायालयाने नेमक्या याच मुद्द्यावर बोट ठेवलं होतं. नुसत्या ठरावाने पोलीस दल उभं राहत नाही, म्हणून सीबीआयच घटनेला धरून नाही, असा निकाल दिला. तीन दिवसांत सर्वोच्च न्यायालयाने त्याला स्थगिती दिली.

आता १९४६ च्या त्या कायद्याचं कलम २ बघा. अगदी छोटं आहे, पण तुमच्या प्रश्नाचं अर्धं उत्तर तिथे आहे. सीबीआयच्या उपनिरीक्षकाला आणि त्याच्या वरच्या अधिकाऱ्याला त्या भागातल्या पोलीस ठाण्याच्या प्रमुखाचे अधिकार वापरता येतात. म्हणजे मिरजेच्या ठाण्यातल्या निरीक्षकाला जे करता येतं ते. त्याहून तसूभर जास्त नाही. आणि त्याच कलमात अधिकारांच्या जोडीला कर्तव्यं आणि जबाबदाऱ्याही लिहिल्या आहेत. पोलिसावर जी बंधनं, ती सगळी त्यांच्यावरही.

ती बंधनं आता भारतीय नागरिक सुरक्षा संहितेत आहेत, १ जुलै २०२४ पासून. अटक म्हणजे माणूस प्रत्यक्ष ताब्यात घेणं. फोनवरून अटक होतच नाही, असा प्रकार कायद्यात नाही. अटक करणाऱ्याने स्वतःचं नाव स्पष्ट दिसेल असं लावायचं. अटकेची कारणं सांगायची. घरच्यांना किंवा अटक झालेला सांगेल त्या माणसाला कळवायचं. प्रवासाचा वेळ सोडून २४ तासांच्या आत न्यायाधीशासमोर उभं करायचं. हा शेवटचा नियम तर घटनेच्या अनुच्छेद २२ मध्येच आहे. सूर्यास्तानंतर आणि सूर्योदयाआधी बाईला अटक करायची नाही. अगदीच अपवादात्मक कारण असेल तर महिला अधिकाऱ्याने लेखी अहवाल देऊन न्यायाधीशाची आधी परवानगी घ्यायची.

मावशींच्या बाबतीत आणखी एक. समजा त्या खरोखरच एखाद्या केसमध्ये साक्षीदार असत्या. कलम १७९ म्हणतं की पंधरा वर्षांखालचा मुलगा, साठीच्या वरचा पुरुष, कुठलीही स्त्री, अपंग किंवा गंभीर आजारी माणूस यांना जबाबासाठी राहत्या घराबाहेर यायला भाग पाडता येत नाही. अधिकाऱ्याने त्यांच्या घरी जायचं. मी कितीदा तरी आज्यांना सीबीआयच्या कचेरीबाहेर बाकावर ताटकळलेलं पाहिलंय, कारण हे कलम त्यांना कुणी सांगितलेलंच नसतं.

आणि पैसे. तपास यंत्रणेला एखाद्या रकमेचा संशय असेल तर ती बँकेला पत्र देऊन खातं गोठवते. पैसे तुमच्याकडून स्वतःकडे मागवून 'पडताळणी' करण्याचा अधिकार या देशात कुठल्याही पोलिसाला नाही.

---

गोदाकाठ | मंगळवार, सकाळी ७:५०

काळा_कोट काका, आभार. आईला वाचून दाखवलं, तिने दोनदा वाचायला लावलं.

एक कळलं नाही. अधिकार जर ठाण्याच्या प्रमुखाएवढेच, तर सीबीआय कुठल्याही राज्यात येऊ शकते का? मध्यंतरी महाराष्ट्राने सीबीआयला 'बंदी' केल्याच्या बातम्या होत्या. मग परत उठवली म्हणे. ते काय प्रकरण होतं?

---

पाचवं_सत्र | मंगळवार, सकाळी ९:२०

मी कायद्याची विद्यार्थिनी आहे, या विषयावर नुकताच प्रकल्प केलाय, म्हणून लिहिते. चुकलं तर काका सांगतीलच.

'बंदी' हा शब्द बरोबर नाही. घटनेत पोलीस हा राज्यांचा विषय आहे. सीबीआयचं मूळ क्षेत्र म्हणजे केंद्रशासित प्रदेश. राज्यात यायचं तर त्याच १९४६ च्या कायद्याचं कलम ६ लागतं: त्या राज्य सरकारच्या संमतीशिवाय सीबीआयला तिथे अधिकार वापरता येत नाहीत. त्यात एक अपवाद लिहिलाय जो मला फार रोचक वाटला. रेल्वेची हद्द. तिथे राज्याची संमती लागत नाही.

ही संमती दोन तऱ्हेने दिली जाते. एक सर्वसाधारण, म्हणजे ठरावीक प्रकारच्या गुन्ह्यांसाठी एकदाच देऊन ठेवलेली. केंद्राच्या कर्मचाऱ्यांच्या भ्रष्टाचाराचे तपास मुख्यतः याच संमतीवर चालतात. दुसरी त्या त्या प्रकरणापुरती. महाराष्ट्राने ऑक्टोबर २०२० मध्ये काढून घेतली ती सर्वसाधारण संमती. तेव्हा टीआरपी घोटाळ्याचा तपास मुंबई पोलीस करत होते. तशाच आरोपांवर लखनौत वेगळा गुन्हा नोंदला गेला, उत्तर प्रदेश सरकारने तो सीबीआयकडे दिला, आणि लगोलग महाराष्ट्राने आदेश काढला. सरकार बदलल्यावर ऑक्टोबर २०२२ मध्ये ती परत दिली गेली. पश्चिम बंगाल, केरळ, पंजाब, तामिळनाडू, कर्नाटक, अशा बऱ्याच राज्यांनी गेल्या काही वर्षांत संमती काढलेली आहे.

पण संमती काढली म्हणून सीबीआयला दार कायमचं बंद होत नाही. आधी सुरू झालेला तपास थांबत नाही, हे सर्वोच्च न्यायालयाने १९९४ मध्येच सिक्कीमच्या एका प्रकरणात सांगितलंय. आणि २०१० मध्ये घटनापीठाने ठरवलं की उच्च न्यायालय किंवा सर्वोच्च न्यायालय राज्याच्या संमतीशिवायही सीबीआयला तपास देऊ शकतं, फक्त हा अधिकार क्वचित आणि जपून वापरायचा. आपल्याकडचं उदाहरण म्हणजे एप्रिल २०२१. तेव्हा महाराष्ट्राची संमती नव्हती, तरी तत्कालीन गृहमंत्री अनिल देशमुख यांच्यावरच्या आरोपांची प्राथमिक चौकशी मुंबई उच्च न्यायालयाने सीबीआयला दिली आणि पंधरा दिवसांची मुदत घातली.

अजून एक गोष्ट लोक गल्लत करतात. एनआयएला, म्हणजे राष्ट्रीय तपास यंत्रणेला, हे कलम ६ लागू नाही. २६/११ नंतर २००८ मध्ये आलेल्या तिच्या स्वतंत्र कायद्यात केंद्र राज्याला न विचारता तपास सोपवू शकतं. एल्गार परिषदेचा तपास जानेवारी २०२० मध्ये पुणे पोलिसांकडून असाच गेला. ईडीलाही राज्याची संमती लागत नाही. त्यामुळे बातमीत 'केंद्रीय यंत्रणा' असा शब्द आला की मी आधी बघते, कुठली? प्रत्येकीचा कायदा वेगळा आहे.

---

फक्त_प्रश्न | मंगळवार, सकाळी ११:०५

माहिती चांगली आहे, पण तुम्ही सगळे कागदावरच्या सीबीआयबद्दल बोलताय. मे २०१३ मध्ये कोळसा प्रकरणात सर्वोच्च न्यायालयानेच तिला पिंजऱ्यातला पोपट म्हटलं होतं, कारण न्यायालयाला द्यायचा तपासाचा अहवाल आधी मंत्र्याला दाखवला गेला होता. ऑक्टोबर २०१८ मध्ये मध्यरात्री संचालकांना सक्तीच्या रजेवर पाठवलं. २०११ पासून हे खातं माहिती अधिकाराच्या बाहेर काढलंय. कुठल्याही पक्षाचं सरकार असो, दोरी सोडत नाही.

आणि मला सगळ्यात जास्त लागलेली गोष्ट. डॉ. नरेंद्र दाभोलकरांचा खून २० ऑगस्ट २०१३ ला झाला. मी तेव्हा पुण्यात शनिवार पेठेत राहायचो. ज्या ओंकारेश्वर पुलावर त्यांना गोळ्या घातल्या त्यावरून मी रोज जायचो. त्या सकाळी पुलावर उभी असलेली माणसं मला आजही दिसतात, कुणी कुणाशी बोलत नव्हतं. २०१४ मध्ये उच्च न्यायालयाने तपास सीबीआयकडे दिला तेव्हा वाटलं, आता उलगडेल. निकाल लागला १० मे २०२४ ला. दोघांना जन्मठेप, तिघे सुटले. निकालपत्रात न्यायाधीशांनी स्वच्छ लिहिलं की खरे सूत्रधार दुसरेच कुणीतरी आहेत आणि पुणे पोलीस व सीबीआय दोघांनाही ते शोधता आले नाहीत. जवळजवळ अकरा वर्षं! कलम २ मध्ये कर्तव्यं लिहिली आहेत म्हणता, मग या कर्तव्याचं काय झालं? ते कुणाला विचारायचं?

---

काळा_कोट | मंगळवार, दुपारी १:४०

फक्त_प्रश्न, तुमचा राग रास्त आहे आणि त्या निकालाचा तो परिच्छेद वाचून मीही बराच वेळ बसून राहिलो होतो. दाभोलकरांच्या बाबतीत माझ्याकडे समाधानकारक उत्तर नाही.

पण कागदावरचं म्हणून सोडून देऊ नका. दोरी सैल झाली ती कागदामुळेच. पूर्वी संयुक्त सचिव आणि त्यावरच्या अधिकाऱ्यांची चौकशी करायची तर सीबीआयला सरकारचीच परवानगी लागायची, तसा सरकारी आदेशच होता. डिसेंबर १९९७ मध्ये जैन हवाला प्रकरणात, म्हणजे विनीत नारायण यांच्या याचिकेत, सर्वोच्च न्यायालयाने तो आदेश रद्द केला. संचालकाला किमान दोन वर्षांची मुदत हवी आणि भ्रष्टाचाराच्या तपासावर केंद्रीय दक्षता आयोगाची देखरेख हवी हेही त्याच निकालात आलं. सरकारने २००३ मध्ये परवानगीची अट कायद्यातच घातली, कलम ६अ म्हणून. २०१४ मध्ये घटनापीठाने तेही खोडलं. मग २०१८ मध्ये भ्रष्टाचार प्रतिबंधक कायद्यात कलम १७अ आलं. अधिकारी संयुक्त सचिव असो की कारकून, त्याने पदावर घेतलेल्या निर्णयाची चौकशी करायची तर आधी परवानगी. रंगेहाथ पकडण्याला मात्र ती लागत नाही. माझ्या मते १७अ हे मागचं पाऊल आहे, आणि हे मी सुटलेल्या आरोपींचा वकील असूनही म्हणतो. प्रामाणिक अधिकाऱ्याला संरक्षण पाहिजे हे खरं, पण ते संरक्षण मंत्रालयाच्या सहीत नसावं, त्रयस्थाच्या हातात असावं.

संचालकांची निवड आता पंतप्रधान, लोकसभेतले विरोधी पक्षनेते आणि सरन्यायाधीश किंवा त्यांनी नेमलेले न्यायमूर्ती अशा तिघांची समिती करते. २०१८ च्या त्या मध्यरात्रीबद्दल, जानेवारी २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने तो आदेश रद्द केला. कारण एकच, समितीला न विचारता संचालकाचे अधिकार काढता येत नाहीत. समितीने दोनच दिवसांत त्यांची बदली केली ही गोष्ट वेगळी. २०२१ पासून संचालकांना एकेका वर्षाची मुदतवाढ देत पाच वर्षांपर्यंत नेता येतं, आणि ज्याची मुदतवाढ सरकारच्या हातात तो सरकारकडे बघणार, ही माझी दुसरी तक्रार.

माहिती अधिकाराबद्दल थोडी दुरुस्ती. जून २०११ च्या अधिसूचनेने सीबीआयला सूट मिळाली, पण भ्रष्टाचार आणि मानवी हक्कांच्या उल्लंघनाच्या आरोपांची माहिती त्या सुटीत बसत नाही. अर्ज करत राहा.

---

संत्रानगरी | मंगळवार, दुपारी ४:१५

हा धागा वाचून राहवलं नाही. मी नागपूरची, सरकारी विमा कंपनीत नोकरी केली. २००९ मध्ये साहेबांनी बोलावून सांगितलं, उद्या सकाळी सीबीआयच्या कचेरीत जायचं, कोणाला सांगायचं नाही. मी घाबरले. मला वाटलं माझ्याच हातून काही चुकलं. तिथे गेल्यावर कळलं, पंच म्हणून बोलावलंय. केंद्र सरकारच्या एका कार्यालयातला माणूस कुणाचं तरी बिल काढायला ५,००० मागत होता, त्याच्यासाठी सापळा लावायचा होता.

तक्रारदार माझ्याच वयाचा कंत्राटदार होता. ओठ कोरडे पडले होते त्याचे. आधी त्याची लेखी तक्रार आम्हा दोघा पंचांना वाचायला दिली, त्याला आमच्यासमोर प्रश्न विचारले. मग त्याच्या नोटांचे नंबर कागदावर उतरवले, एकेक करून, आम्हाला ताडून बघायला लावले. नोटांना फिनॉल्फथॅलीनची पांढरी पूड लावली. नोटेवर ती दिसतच नाही. मग दुसऱ्या पंचाला नोटा हाताळायला सांगून त्यांची बोटं सोडियम कार्बोनेटच्या पाण्यात बुडवली. पाणी बघता बघता गुलाबी झालं, जास्वंदीचं फूल चुरडल्यासारखं. ते पाणी फेकून दिलं, पुडीची बाटली कचेरीतच कुलपात ठेवली, सगळ्यांनी साबणाने हात धुतले. हेही सगळं लिहून काढलं आणि सह्या घेतल्या.

मला काम होतं तक्रारदारासोबत राहून बोलणं ऐकायचं. त्याची चुलत बहीण म्हणून गेले. अधिकाऱ्याने मला तीनदा बजावलं, तो स्वतःहून मागत नाही तोवर पैसे पुढे करायचे नाहीत. त्याने मागितले. "आणलं का?" एवढंच म्हणाला. तक्रारदाराने चष्मा काढून पुसला, ती खूण होती. बाहेरचे लोक आत आले, दोघांनी त्याची दोन्ही मनगटं धरली. उजव्या हाताचं पाणी वेगळ्या ग्लासात, डाव्या हाताचं वेगळ्या. उजवं गुलाबी झालं. त्या माणसाचा चेहरा मी विसरू शकत नाही. त्याला दम दिला नाही, शिवी दिली नाही, पाणी विचारलं. बाटल्या लाखेने बंद केल्या, वर आमच्या सह्या.

आता सांगण्यासारखी गोष्ट पुढेच आहे. ज्या पितळी शिक्क्याने लाख दाबली तो शिक्का त्यांनी स्वतःकडे ठेवला नाही, माझ्या हवाली केला. पावती करून. मी विचारलं, मला कशाला? म्हणाले, ताई, शिक्का आमच्याकडे राहिला तर उद्या बाटली उघडून पुन्हा बंद केली असं म्हणता येईल. कोर्टात बोलावणं येईल तेव्हा घेऊन या. तो शिक्का चार वर्षं माझ्या कपाटात, लग्नातल्या शालूखाली होता. २०१३ मध्ये साक्षीला गेले तेव्हा न्यायाधीशांसमोर ठेवला. आरोपीच्या वकिलांनी मला पावणेदोन तास उभं आडवं विचारलं.

म्हणून जेव्हा कुणी 'सीबीआयवाले' व्हॉट्सअ‍ॅपवर पैसे मागतात असं वाचते तेव्हा मला तो शिक्का आठवतो. पाच हजारांच्या केसमध्ये जे खातं स्वतःचा शिक्का स्वतःकडे ठेवू शकत नाही!

---

काळा_कोट | मंगळवार, संध्याकाळी ६:००

सुंदर लिहिलंत ताई. त्या पावणेदोन तासांत वकिलाने तुम्हाला मागणीबद्दलच सगळ्यात जास्त विचारलं असणार. नुसते पैसे सापडले म्हणून लाच सिद्ध होत नाही. मागितले आणि घेतले, दोन्ही सिद्ध करावं लागतं. डिसेंबर २०२२ मध्ये घटनापीठाने हे पुन्हा पक्कं केलं, फक्त तक्रारदार मेला किंवा उलटला तरी इतर पुराव्यावरून मागणी शाबीत करता येते अशी भर घातली. तुमचं "आणलं का?" म्हणूनच एवढं मोलाचं.

---

म्हापशेकर | मंगळवार, रात्री ८:३०

आमच्या गोव्यात बंदर, कस्टम, विमानतळ यांच्याशी लहान व्यावसायिकाला सारखं काम पडतं. तिथे कोणी मागितले तर तक्रार कुठे करायची, राज्याकडे की सीबीआयकडे? आणि आधीच एकदा दिलेले असतील तर आपणच अडकतो का?

---

पाचवं_सत्र | मंगळवार, रात्री ९:१०

माणूस केंद्राचा नोकर असेल (कस्टम, आयकर, रेल्वे, टपाल, सरकारी बँक) तर सीबीआयची लाचलुचपत शाखा. राज्याचा असेल, म्हणजे तलाठी, महापालिका, पोलीस, तर राज्याचा लाचलुचपत विभाग, महाराष्ट्रात १०६४ वर.

दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर लोकांना माहीत नसतं म्हणून ठळकपणे लिहिते. २०१८ च्या दुरुस्तीनंतर लाच देणाराही गुन्हेगार आहे. पण ज्याला द्यायला भाग पाडलं त्याने सात दिवसांच्या आत पोलिसांना किंवा तपास यंत्रणेला कळवलं तर तो सुटतो. आठवा दिवस उजाडू देऊ नका. आणि देण्याआधीच यंत्रणेला सांगून दिले, म्हणजे संत्रानगरी ताईंच्या गोष्टीतल्यासारखे, तर गुन्ह्याचा प्रश्नच येत नाही.

---

एडिसनकर | बुधवार, पहाटे ४:५५

न्यू जर्सीहून. इथे एफबीआयच्या नावानेही आपल्या विद्यार्थ्यांना असे फोन येतात. फरक एवढाच की एफबीआयला राज्याची संमती लागत नाही. इथे केंद्राचे गुन्हे आणि राज्याचे गुन्हे असे दोन वेगळे कायदेच आहेत, आणि ती केंद्राचे गुन्हे तपासते. संचालकाची मुदत दहा वर्षांची, नेमणुकीला सिनेटची मंजुरी लागते. तरी राष्ट्राध्यक्ष मनात आणलं तर काढू शकतात, २०१७ मध्ये काढलंही.

इथे नव्याने आलेल्या मराठी मुलांना मी एकच सांगतो. एजंट खरा असेल आणि दारात येऊन सहज म्हणून काही विचारत असेल, तर वकिलाशिवाय न बोलण्याचा हक्क तुम्हाला आहे. पण बोललात आणि महत्त्वाच्या बाबतीत जाणूनबुजून खोटं बोललात तर तो स्वतंत्र गुन्हा आहे, शपथ घेतलेली नसली तरी. आपल्याकडे 'काहीतरी सांगून वेळ मारून न्यायची' सवय असते, ती इथे महागात पडते.

---

पाचवं_सत्र | बुधवार, सकाळी १०:३०

मूळ प्रश्नाकडे येते, कारण मावशींसारख्या लोकांसाठी दोन निर्णय अगदी अलीकडचे आहेत.

जानेवारी २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं की नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम ३५ ची हजर राहण्याची नोटीस पोलिसांनी व्हॉट्सअ‍ॅपवर पाठवून चालणार नाही. कायद्यात सांगितलेल्या पद्धतीनेच बजावायची. म्हणजे व्हॉट्सअ‍ॅपवर आलेला कागद खरा अधिकारी पाठवत असला तरी ती नोटीस बजावली गेली असं धरत नाहीत.

दुसरा १ डिसेंबर २०२५ चा. हरियाणातल्या अंबाल्याच्या एका वृद्ध जोडप्याला न्यायालयाचे खोटे आदेश दाखवून लुबाडलं, त्यावर सर्वोच्च न्यायालयाने ऑक्टोबरमध्ये स्वतःहून दखल घेतली होती. डिसेंबरमध्ये देशभरातल्या डिजिटल अटकेच्या प्रकरणांचा तपास सीबीआयकडे दिला. ज्या बँक कर्मचाऱ्यांनी असल्या टोळ्यांना खाती उघडून दिली त्यांची भ्रष्टाचार कायद्याखाली चौकशी करायलाही मोकळीक दिली. आणि ज्या राज्यांनी संमती दिलेली नाही त्यांना ती द्यायला सांगितलं. गोदाकाठ, तुम्ही विचारलेलं कलम ६ इथेही आडवं येतंच. पैसे मिरजेतून निघतात, चार राज्यांतल्या खात्यांतून फिरतात, आणि तपास प्रत्येक सीमेवर अडतो. एरवी राज्यांनी संमती राखून ठेवावी या मताची मी आहे, कारण तो संघराज्याचा कणा आहे. पण या एका गुन्ह्यासाठी सगळ्या राज्यांनी ती द्यावी असं मला मनापासून वाटतं.

---

फक्त_प्रश्न | बुधवार, सकाळी ११:१५

याला माझाही पाठिंबा. आणि संत्रानगरी ताई, तुमचा प्रतिसाद वाचून कालचं माझं 'नुसतं कागदावर' हे वाक्य मागे घेतो. दाभोलकरांबद्दलचं घेत नाही.

---

मिरजकर_पुण्यात | बुधवार, रात्री ९:४५

सगळ्यांचे मनापासून आभार. काल मिरजेला जाऊन आलो. १९३० या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनवर तक्रार त्याच दिवशी दुपारी केली होती, त्यामुळे ४८,००० पैकी ३१,००० एका खात्यात अडवले गेलेत. ते परत मिळायला अर्ज करावा लागेल, ते काम मी करतोय. बाकीचे पुढे गेले.

मावशीला पूर्ण धागा वाचून दाखवला. शिक्क्याच्या गोष्टीला तिच्या डोळ्यात पाणी आलं. कलम १७९ ला मात्र ती ताडकन म्हणाली, "म्हणजे माझ्या घरी त्यांनी यायचं होतं? मी जायचंच नव्हतं?" मग वही काढली. शुक्रवारी तिच्या भजनी मंडळात बावीस बायका येतात, बहुतेक एकट्या राहणाऱ्या. त्यांना हे सांगायचंय म्हणते. शेजारच्या वहिनींनाही बोलावलंय.

काळा_कोट, तिची एक विनंती आहे. कलमांचे आकडे बायकांच्या लक्षात राहणार नाहीत. दारात किंवा फोनवर कुणी 'मी सीबीआय' म्हणालं तर तोंडाने काय म्हणायचं, ते वाक्य लिहून द्याल का? तिला पाठ करून घ्यायचंय.

---

काळा_कोट | बुधवार, रात्री १०:२०

बाईंना सांगा, फोनवर असेल तर काहीच म्हणायचं नाही, ठेवून द्यायचा आणि शेजारणीला हाक मारायची. दारात असेल तर साखळी न काढता एवढं म्हणायचं: "तुमचं ओळखपत्र दाखवा, केसचा नंबर लिहून द्या, मी आमच्या ठाण्यात फोन करून विचारते, तोवर तुम्ही पायरीवर बसा." खरा अधिकारी बसतो. मी बसलेले पाहिलेत.

शुक्रवारी किती वाजता असतं मंडळ? बायकांना काही विचारायचं असेल तर मी फोनवर थांबेन. आवाजच ठेवा, व्हिडिओ नको.